शोपँ आणि लिस्ट : पियानोतील मायभूमी

इ. स. १८३१ च्या शरदऋतूत फ्रेडरिक शोपँ हा एकवीस वर्षांचा पोलिश तरुण पॅरिसमध्ये येऊन दाखल झाला. त्याच्याहून सुमारे दीड वर्षाने लहान असलेला फ्रान्झ लिस्ट १८२३ मध्येच तेथे आला होता व बालवादक म्हणून त्याचे नाव गाजले होते. दोघांचा लवकरच स्नेह जमला. १८३३ साली प्रसिद्ध झालेले आपले पहिले बारा एत्यूद, म्हणजे बोटांच्या अभ्यासासाठी रचलेले तुकडे, शोपँने लिस्टलाच अर्पण केले. लिस्ट ते ज्या रीतीने वाजवितो ती रीत आपल्याला चोरता आली तर किती बरे होईल, असे त्याने एका मित्राला लिहिलेही होते.

या दोघांची तुलना सामान्यतः मृदू आणि प्रचंड अशा दोन शब्दांत उरकली जाते. तिला आधार नाही असे नव्हे. शोपँने उभ्या आयुष्यात जाहीर असे कार्यक्रम अवघे तीसएक केले. त्याला निवडक रसिकांची बैठक आणि प्लेएल कारखान्याचा हळुवार आवाजाचा पियानो प्रिय होता. उलट लिस्टने १८३९ ते १८४७ या काळात लिस्बनपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत हजाराच्या घरात कार्यक्रम केले. एकट्या वादकाने संपूर्ण कार्यक्रम रंगवावा ही प्रथा त्यानेच रुळविली. एरार कारखान्याच्या पियानोत, दाबलेली पट्टी पुरती वर येण्यापूर्वीच तोच स्वर पुन्हा वाजविण्याची सोय १८२१ पासून झाली होती. त्या सोयीचा लिस्टने पुरेपूर उपयोग करून घेतला. तथापि हा भेद वादनपद्धतीचा झाला. त्याहून खोल भेद पाहावयाचा असेल, तर या दोघांनी आपापली मायभूमी पियानोवर कशी आणली हे पाहिले पाहिजे. कारण दोघेही पारतंत्र्यातील देशांचे पुत्र होते. पोलंड रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतला होता, आणि हंगेरीवर हाब्सबुर्ग घराण्याची सत्ता होती.

शोपँचे वडील जन्माने फ्रेंच आणि आई पोलिश. बालपण वॉर्सात गेले. १८२४ व १८२५ च्या उन्हाळी सुट्यांत शाफार्न्या या गावी त्याने शेतकऱ्यांची गाणी आणि नाच जवळून ऐकले. नोव्हेंबर १८३० मध्ये त्याने वॉर्सा सोडले. त्याच महिन्याच्या अखेरीस तेथे रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि १८३१ च्या सप्टेंबरात तो चिरडला गेला. शोपँ पुन्हा मायदेशी परतला नाही. परंतु मझुर्का हे माझोव्हिया प्रांतातील नृत्य तो अखेरपर्यंत लिहीत राहिला. त्याच्या मझुर्का पन्नासाहून अधिक आहेत.

मझुर्क्याचे आवर्तन तीन मात्रांचे असते, पण आघात पहिल्या मात्रेवरून निसटून दुसऱ्या वा तिसऱ्या मात्रेवर पडतो. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या सी मेजरमधील मझुर्क्याच्या (ओपस ५६, क्र. २) आरंभी डाव्या हातात षड्ज-पंचम एकसारखे घुमत राहतात. खेड्यातील मशकवाद्याचा तो नाद होय. पुढे एके ठिकाणी शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र मध्यम डोकावतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला ही जागा परकी वाटत नाही. डाव्या हाताने लय सांभाळावी आणि उजव्याने तिच्यावर मोकळेपणी गावे, अशी शोपँची शिष्यांना शिकवण असे. तो स्वतः वाजवू लागला की तीन मात्रांचा मझुर्का चार मात्रांचा भासे. चार्ल्स हॅले या वादकाने एकदा मात्रा मोजून हे त्याच्या पदरात घातले, तेव्हा शोपँ हसला आणि हा आपल्या देशाच्या नृत्याचाच स्वभाव आहे असे म्हणाला.

लिस्टची गोष्ट निराळी. त्याचा जन्म १८११ साली रायडिंग येथे झाला. हे गाव तेव्हा हंगेरीत होते, आता ते ऑस्ट्रियात आहे. घरची भाषा जर्मन, पुढे जन्मभर जवळची झाली ती फ्रेंच; हंगेरियन भाषा त्याला कधीच नीट आली नाही. १८३८ साली डॅन्यूबच्या पुराने पेश्त शहराची दैना झाल्याचे कळताच त्याने व्हिएन्नात कार्यक्रम करून पूरग्रस्तांसाठी पैसा उभा केला. १८४० च्या जानेवारीत पेश्तने त्याला मानाची तलवार दिली, आणि त्याने आभार मानले ते फ्रेंचमधून.

या भेटीत जिप्सी वादकांचे ताफे त्याने पुन्हा मन लावून ऐकले. त्यांतून हंगेरियन रॅप्सडी जन्मल्या. त्या एकूण एकोणीस, पैकी पहिल्या पंधरा १८५१ ते १८५३ या काळात प्रसिद्ध झाल्या. आरंभी संथ, भारदस्त भाग आणि मग चढत जाणारी द्रुत लय अशी त्यांची सर्वसाधारण घडण असते. मध्ये मध्ये सिंबालोम या तारवाद्याचा झणत्कार पियानोतून उमटतो. मात्र हे संगीत मुळात जिप्सींचेच, असा सिद्धान्त लिस्टने १८५९ च्या आपल्या ग्रंथात मांडला आणि हंगेरीत संताप उसळला. वस्तुतः ताफे वाजवीत त्या चिजा बहुतांशी शहरी व जमीनदार वर्गात प्रचलित असलेली गीते व नृत्ये होती. खेड्यांतील जुनी गाणी वेगळीच होती, हे १९०५ नंतर बेला बारटोक आणि झोल्तान कोदाय यांनी फोनोग्राफ घेऊन गावोगाव हिंडल्यावर उघड झाले.

म्हणून शोपँचा पोलंड खरा आणि लिस्टची हंगेरी खोटी, असा निवाडा करणे मात्र घाईचे ठरेल. शोपँचा मझुर्काही गावच्या अंगणात नाचण्यासाठी नव्हता. बालपणी ऐकलेले त्याने दूरदेशी स्मरणातून नव्याने घडविले. लिस्टजवळ असे स्मरण फारसे नव्हते. त्याला शोध घ्यावा लागला, आणि शोधणाऱ्याची वाट चुकते. तरी त्याचे नाते कोरडे नव्हते. ६ ऑक्टोबर १८४९ रोजी आराद येथे तेरा हंगेरियन सेनानींना देहदंड झाला. त्याच महिन्याच्या १७ तारखेला पॅरिसमध्ये शोपँने देह ठेवला. लिस्टच्या ‘फ्युनेराय’ या शोकरचनेवर ‘ऑक्टोबर १८४९’ अशी नोंद आहे, आणि तिच्या मधल्या भागातील डाव्या हाताची दौड शोपँच्या ए फ्लॅट पोलोनेझची आठवण करून देते.

शोपँचे हृदय त्याच्या बहिणीने वॉर्साला नेले. ते तेथील होली क्रॉस चर्चच्या खांबात विसावले आहे. लिस्ट १८८६ मध्ये बायरॉइट येथे वारला व तेथेच त्याचे दफन झाले. पण १८७५ साली बुडापेस्टमध्ये स्थापन झालेल्या संगीत अकादमीचा तो पहिला अध्यक्ष होता. बारटोक त्याच अकादमीत लिस्टच्या एका शिष्याकडे पियानो शिकला आणि १९०७ पासून तेथे शिकवू लागला. लिस्टची चूक दुरुस्त करणारा माणूस असा लिस्टच्याच परंपरेतून निघाला. १९३६ साली हंगेरीच्या विज्ञान अकादमीत लिस्टविषयी बोलताना बारटोकने ती चूक झाकली नाही. परंतु लिस्ट हंगेरियन होता की नाही या वादावर त्याचे उत्तर सरळ होते : लिस्ट स्वतःला जन्मभर हंगेरियन म्हणवीत आला, आणि ते सर्वांनी मान्य केले पाहिजे.