उजनीच्या पाण्याखाली

केत्तूरच्या काठाला बोट लागली आहे. जानेवारी २०२५, रविवारची सकाळ. सोलापुरातून अंधारातच निघालात, टेंभुर्णीला चहा घेतलात आणि जेऊरवरून इथं आलात. बरोबर शेजारपाजारची मंडळी आहेत: बँकेतून निवृत्त झालेले मामा, त्यांची कॉलेजात शिकणारी नात, दोन शिक्षक आणि पूर्व भागात टॉवेलचा कारखाना चालवणारा एक तरुण. सगळ्यांच्या अंगात केशरी लाइफ जॅकेट. "मधल्या फळीवर बसा, एका अंगाला रेलू नका," नावाडी बजावतो. त्याचे वडील आणि आजोबाही याच नदीत जाळं टाकायचे. तेव्हा इथं नदीच होती.

समोर नजर पोहोचेल तिथवर पाणी. कागदोपत्री नाव यशवंतसागर. आपण मात्र उजनीच म्हणतो आणि घरातल्या माणसाची तब्येत विचारावी तशी विचारतो: उजनी किती झाली? प्लस झाली का? धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. त्या रेषेच्या खाली पाणी गेलं की उजनी उणे. गेल्या पावसाळ्यात ती भरली, म्हणून आज काठाला बाभळीच्या बुंध्यापर्यंत पाणी आहे आणि उथळ दलदलीत पट्टकदंबांचे थवे उतरले आहेत.

स्कूबा करायचा म्हटलं की सोलापूरकर मालवण-तारकर्लीची वाट धरतो. तिथं प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत. इथं तसलं काही नाही. पण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांच्या मधोमध स्कापा फ्लो नावाचं एक निवाऱ्याचं बंदर आहे. पाणी थंडगार आणि अंधुक. तरीही जगभरचे पाणबुडे टोळ्या करून, बोटी ठरवून तिथं जातात. २१ जून १९१९ रोजी अटकेतल्या जर्मन आरमारानं आपलीच जहाजं तिथं बुडवली. ७४ पैकी ५२ तळाला गेली. बहुतेक पुढं भंगारासाठी वर काढली, सात अजून खाली आहेत. ती पाहायला लोक हजारो मैल प्रवास करतात. उजनीच्या तळाशी पन्नासच्या वर गावं आहेत आणि त्यांच्यावर साठलेलं पाणी आपण रोज पितो. तिथं उतरण्याचं कारण मला तरी स्कापा फ्लोपेक्षा मोठं वाटतं.

बोट पाण्याच्या मधोमध थांबते. नावाडी इंजिन बंद करतो. "पोमलवाडी आली," तो म्हणतो. आजूबाजूला नुसतं पाणी.

पाठीवर सिलिंडर चढवा, कमरेला वजनाचा पट्टा बांधा. रेग्युलेटर दातांत धरा आणि तोंडानं सावकाश श्वास घ्या. आता पाण्याकडे पाठ करून बोटीच्या कडेवर बसा, मास्क तळव्यानं दाबून धरा आणि मागं पडा. तुमची जोडीदार मामांची नात. ती अंगठा खाली करते. म्हणजे चला, खाली.

पाणी हिरवं आहे. हात लांब केलात तर बोटं दिसत नाहीत. वर पुणं आहे, पिंपरी-चिंचवड आहे. त्यांचं मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, भीमेतून इथं, आणि मग शेवाळ माजतं. सोलापूर जिल्हा हे वर्षानुवर्षं ओरडून सांगतो आहे. आज ते तुमच्या मास्कच्या काचेला चिकटलंय. कानांना दडे बसल्यासारखे होतात. नाक चिमटीत धरून हवा दाबा, मोकळे होतील.

थोडं खाली जाता आणि पाणीच सरतं. पाय भेगाळलेल्या गाळावर टेकतात. मे २०२४. उजनी उणे साठ टक्क्यांच्या घरात. दूरवर डिकसळच्या जुन्या पुलाचे दगडी खांब उघडे पडलेत. तुमच्या पायाशी भिंतींचे पाये आहेत, चौकोनाला लागून चौकोन. एकात पालथं पडलेलं जातं, त्याच्या भोकात शिंपले. गाळावर मोटारसायकलींच्या चाकोऱ्या आहेत. आपलं जुनं घर बघायला माणसं येऊन गेली आहेत, कुणीतरी देवळाच्या उघड्या जोत्यावर नारळही फोडलाय. धारेच्या खालच्या अंगाला कुगावकडे मात्र अजून खोल पाणी आहे. २१ मेच्या संध्याकाळी तिथं वावटळ सुटली आणि कुगावहून कळाशीला निघालेली बोट उलटली. सात जणांपैकी एक जण पोहत काठाला लागला, सहा जण गेले. त्यांत लहान मुलंही होती. पुण्याहून आलेल्या एनडीआरएफच्या पाणबुड्यांनी याच गढूळ पाण्यात हातांनी चाचपडत त्यांना शोधलं. उजनीच्या तळाला माणसं उतरली ती अशा कामाला. धरणानं नदीच्या दोन काठांची गावं एकमेकांपासून तोडली, तेव्हापासून माणसं जीव मुठीत धरून पलीकडे जातात. पलीकडे लेक दिलेली असते, दवाखाना असतो, बाजार असतो.

पुढं चला. गाळ घट्ट होतो, मग माती होतो, मग अंगण होतं.

सत्तरचं दशक सरत आलंय. खाली उजनी गावाजवळ धरणाची भिंत चढते आहे. १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली, तेव्हा इथल्या लोकांना ती फार लांबची गोष्ट वाटली होती. आता तलाठी नोटिसा वाटून गेलाय. तुम्ही पोमलवाडीच्या गल्लीत उभे आहात. नाकात धूळ जाते, कारण गावच्या गाव घरं उतरवतंय. माळवदाची घरं आहेत ही. आधी वरची पांढरी माती खोऱ्यानं खाली ओढायची, मग फळ्या काढायच्या, मग कडीपाट, शेवटी तुळया. सागवान सगळं जपून काढायचं, खिळासुद्धा वाकू द्यायचा नाही, कारण नव्या गावठाणात मिळणार आहे तो मोकळा माळ. तिथं ना झाड, ना सावली. चौकटी सुटून भिंतीला टेकवून ठेवल्यात. दाराच्या जागी नुसती भोकं राहिलीत आणि त्यांतून थेट नदी दिसते.

एका घरासमोर बैलगाडी भरून उभी आहे. वर तुळया, त्यांवर कणगी, कणगीवर बांधलेली कोंबड्यांची डालगी. मुलगा जू धरून ताटकळलाय. आत छप्पर नसलेल्या घरात एक म्हातारी देवळीतली काजळी पुसते आहे.

"आये, चल की आता. ऊन चढलं."

"येते रं. दिवा लावते न् येते."

"पाणी यायचंय हितं. दिवा कुणासाठी?"

"आजच्या रातीला तर न्हाई ना येत?"

मुलगा काही बोलत नाही. चावडीच्या बाजूला वळून बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहतो. तुम्हाला वाटतं, पुढं होऊन काहीतरी सांगावं. काय सांगणार? की पुढं तुमच्या नदीवर चार तालुके उसानं हिरवे होतील? ते खरं आहे आणि इथं उभं राहून ते बोलवत नाही.

गल्लीतून खाली नदीकडे या. गाडीत घालून नेता येणार नाही ते सगळं इकडे आहे. पोयट्याची जमीन, जिच्यात मालदांडी ज्वारी बिनपाण्याची डोक्याइतकी वाढते. वाळवंटातले कलिंगडाचे वाफे. चिंच, जिच्या पारावर पंचायत बसायची. आड. मसणवट्यातल्या पूर्वजांच्या समाध्या. मोबदल्याच्या कागदात जिरायत किती, बागायत किती, झाडं किती, सगळं मांडलंय; पण ज्या जमिनीला नदीचा पूर दर साली नवी माती घालायचा, तिचा भाव त्या रकान्यात कुठं बसवायचा? कुणाला वरच्या माळावर जागा मिळाली, कुणाला खाली लाभक्षेत्रात जमीन. एकाच गल्लीतली घरं अशी विखुरली. केत्तूरची तर दोन गावं झाली, नंबर एक आणि नंबर दोन, आणि आजही एसटीच्या पाटीवर तसंच लिहितात. नदीच्या उजव्या काठाला पळसदेवचं पळसनाथाचं प्राचीन देऊळ आहे, भोवती वीरगळ आहेत. गाव उठलं, नवं देऊळ वर बांधलं. जुनं दगडी शिखर पाण्यात राहिलं आणि दुष्काळात अजून वर येतं.

गावाच्या अंगाला खडीचा एक उंच बांध दिसतो. त्यावर रूळ नाहीत. आगगाडी आता वरच्या नव्या मार्गानं जाते. त्या बांधावर चढा. चढता चढता दिवस मागं पळतात.

१८५९ सालचा उन्हाळा. पलीकडच्या तीरावर डिकसळ आहे आणि मुंबईकडून आलेला लोहमार्ग तिथं येऊन संपलाय. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीनं पुण्याहून डिकसळपर्यंतची गाडी १५ डिसेंबर १८५८ला सुरू केली. पुढं भीमा आडवी. म्हणून हे काही महिने सोलापूर, बार्शी, करमाळ्याकडची सगळी वाट डिकसळला येऊन मिळते. कापसाच्या गाठींनी लादलेल्या गाड्यांची रांग नदीच्या पात्रापर्यंत लागली आहे. सोलापूरहून बैलगाडीनं आलेला एक व्यापारी पहिल्यांदाच इंजिन बघतो आहे, खांद्यावरचं उपरणं त्यानं तोंडावर धरलंय. त्याची मुंबई अजून सोपी नाही. डिकसळहून पुणं, पुण्याहून खंडाळा गाडीनं. तिथं उतरून बोरघाट पायी किंवा पालखीत. खाली खोपोलीला पुन्हा गाडी. घाटातला मार्ग १८६३ साली होईल तेव्हा हा त्रास संपेल.

पात्रात पूल उभा राहतोय. पाथरवटांच्या छिन्न्यांचा आवाज पाण्यावरून येतो, घाणीत चुना मळला जातोय, लाकडी सांगाड्यांवर कमानी बसताहेत. या हातांची नावं कुठल्या कोनशिलेवर नाहीत. २३ ऑक्टोबर १८५९ला गाडी नदी ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आपल्या कुर्डुवाडीला जाईल आणि ६ जून १८६० रोजी सोलापुरात. सोलापूरच्या गिरण्या, त्यांचा भोंगा, तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या गल्ल्या, या सगळ्यांच्या नशिबाची गाडी इथूनच पुढं जाणार आहे. सोलापूरला आधी आगगाडी याच नदीवरून आली आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी पाणीही इथलंच आलं.

जोडीदारीण सिलिंडरचा काटा दाखवते. हवा निम्म्यावर आली. अंगठा वर. चला.

वर येताना घाई करायची नाही. आपल्याच बुडबुड्यांपेक्षा सावकाश यायचं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू सुटतो. तुमची ती तीन मिनिटं १९८० सालात जातात. धरण पुरं झालंय. चिंचेच्या फांद्यांतून मासे फिरतात, आड आता आड राहिलेला नाही. काठाकाठानं शेतकऱ्यांचे पंप बसू लागलेत, ऊस येईल, कारखाने येतील, भिगवणला माशांचा बाजार भरेल, रोहित पक्षी उथळात उतरतील आणि ते बघायला पुण्याची माणसं येतील. खाली धरणापाशी दारं आहेत, ४१. त्यांतून सुटलेलं पाणी नदीनं औज-टाकळीच्या बंधाऱ्याकडे जातं, आणि पुढं जलवाहिनीनं सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रावरून तुमच्या गल्लीत येईल. चार-पाच दिवसांनी एकदा, रात्री-अपरात्री, आणि घरातलं कुणीतरी मोटर लावायला उठेल.

डोकं पाण्याबाहेर येतं. मामा हात देऊन नातीला वर ओढतात, शिक्षक टॉवेल पुढं करतात. काही वेळ कुणी काही विचारत नाही. मग तीच विचारते, "काका, खाली कुणाची घरं कुठं आहेत, ते तुम्हाला कसं कळतं?"

"जाळ्यावरनं," नावाडी म्हणतो. "चिंचेत एक धरतं. इनामाच्या वाड्याच्या भिंतीत दुसरं. धरलं की वडील सांगायचे, सोड, ते अमक्याचं घर हाय, हिकडनं वल्हव. मी गाव बघितलं न्हाई. जाळ्यानंच शिकलो."

"लिहून ठेवलंय का कुणी?"

"कोण लिवणार? आमची आत्या हाय नव्या केत्तुरात. लगीन होऊन पोमलवाडीत गेली ती. तिला दार न् दार सांगता येतं, कुणाचं कुठल्या तोंडाचं होतं ते."

टॉवेल कारखान्याचा मालक फोनमध्ये काहीतरी टिपू लागतो. स्कापा फ्लोच्या काठी बुडालेल्या जहाजांचं संग्रहालय आहे. इथं निदान एक नकाशा व्हावा, घरांच्या नावांसकट, आणि तो या पिढीच्या हयातीत व्हावा; ज्यांनी उंबरे ओलांडले ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. हे काम सोलापूरकरांनी हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

"आत्याला भेटायला कधी येऊ?" नात विचारते.

नावाडी इंजिनाची दोरी ओढतो. "मे महिन्यात या. तुमच्याकडं नळाला सातव्या दिवशी पाणी यायला लागलं की समजा पोमलवाडी वर आली. आत्याला खुर्चीवर बसवून नेऊ, मधल्या गल्लीपासनं सुरू करू."