मायक्रोफिल्म श्रेडरमध्ये टाकून का चालत नाही? जुन्या रिळांवरची गोपनीय माहिती अशी नष्ट करतात

बँकेचं स्टेटमेंट किंवा आधारची झेरॉक्स रद्दीत टाकण्याआधी आपण ती फाडतो. ऑफिसमध्ये त्यासाठी श्रेडर असतो. पण तीच माहिती मायक्रोफिल्मवर असेल तर हा श्रेडर जवळपास निरुपयोगी ठरतो. त्यातून बाहेर पडलेल्या एका तुकड्यावर तीन-तीन पानांचा मजकूर शिल्लक राहू शकतो.

मायक्रोफिल्म म्हणजे काय?

कागदपत्रांचे अगदी लहान आकारात काढलेले फोटो ज्या फिल्मवर साठवतात, ती मायक्रोफिल्म. ही साधारण १६ किंवा ३५ मिलिमीटर रुंदीच्या रिळावर असते. पोस्टकार्डाएवढ्या सपाट फिल्मला मायक्रोफिश म्हणतात. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमधले बँक अधिकारी जॉर्ज मॅकार्थी यांनी चेकचे असे फोटो काढणारं यंत्र तयार केलं. १९२८ मध्ये कोडॅकने ते 'रेकॉर्डाक' नावाने बाजारात आणलं. पुढे बँका, विमा कंपन्या, हॉस्पिटलं, वर्तमानपत्रं आणि सरकारी कार्यालयं यांनी जागा वाचवण्यासाठी हा मार्ग धरला. १६ मिलिमीटरच्या १०० फुटी रिळात दोन हजारांहून जास्त पानं मावतात.

ही फिल्म टिकतेही भरपूर. पॉलिएस्टरवरची चांदीयुक्त फिल्म नीट ठेवली तर ५०० वर्षं टिकेल, असं मानलं जातं. ती वाचायला पासवर्ड लागत नाही, कॉम्प्युटरही लागत नाही. उजेड आणि चांगलं भिंग पुरतं. ती 'डिलीट' करता येत नाही, आणि हार्ड डिस्कसारखी चुंबकाने पुसताही येत नाही.

श्रेडरचं गणित कुठे चुकतं?

१९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन दूतावासात कर्मचाऱ्यांनी घाईघाईने कागद श्रेडरमध्ये घातले. इराणी लोकांनी नंतर त्या पट्ट्या एकमेकींना जुळवून कागद पुन्हा वाचले आणि छापलेही. तिथे निदान पट्ट्या जुळवाव्या तरी लागल्या. मायक्रोफिल्ममध्ये तेवढेही कष्ट नाहीत.

समजा, ए-४ पान २४ पट लहान केलंय. फिल्मवर ते जेमतेम ९ बाय १२ मिलिमीटरचं होतं. ऑफिसमधला नेहमीचा श्रेडर ४ बाय ४० मिलिमीटरचे तुकडे करतो. फिल्मवर पानं एकाखाली एक असतील, तर अशा एका तुकड्यावर तीन पानांचा जवळपास अर्धा-अर्धा मजकूर येतो. त्यात नाव, पत्ता, खाते क्रमांक, आजाराचं निदान असं काहीही असू शकतं.

म्हणूनच जर्मनीच्या डिन ६६३९९ आणि त्यावर आधारित आयएसओ/आयईसी २१९६४ या मानकांत फिल्मसाठी 'एफ' हा वेगळा गट आहे. त्याच्या सात पातळ्या आहेत. २४ पट लहान केलेल्या पानाचा हिशेब धरला तर त्यांचा अर्थ असा होतो:

- एफ-३: तुकडा जास्तीत जास्त १० चौरस मिलिमीटर. त्यावर मूळ पानाचा साडेसात सेंटिमीटरचा चौकोन उरतो. पूर्ण पत्ता वाचता येईल.
- एफ-४: २.५ चौरस मिलिमीटर. जवळपास काड्यापेटीएवढा भाग.
- एफ-५: १ चौरस मिलिमीटर. साधारण रुपयाच्या नाण्याएवढा भाग.
- एफ-७: ०.२ चौरस मिलिमीटर. बोटाच्या नखाएवढा भाग.

माहिती जितकी नाजूक, तितका तुकडा बारीक हवा. हे काम साध्या मशीनचं नाही. पॉलिएस्टर चिवट असतं. ते पात्यांभोवती गुंडाळतं आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळून अडकतं. त्यासाठी जाळी बसवलेली औद्योगिक यंत्रं वापरतात. ठरलेल्या आकाराचा भुगा होईपर्यंत माल त्या जाळीतून खाली पडत नाही.

मग जाळली तर?

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हाच उपाय सांगितला होता: फिल्म जाळा आणि पांढरी राख होईपर्यंत जाळा. शेवटची अट महत्त्वाची आहे. घट्ट गुंडाळलेलं रीळ बाहेरून वितळून गोळा होतं, आतपर्यंत हवा पोहोचत नाही आणि मधली फिल्म तशीच राहू शकते. त्यामुळे हे काम परवानाधारक भट्टीतच करायचं असतं. अंगणात किंवा गच्चीवर पेटवलं तर विषारी धूर होतो, आणि उघड्यावर कचरा जाळायला बंदीही आहे.

ब्लीच किंवा भंगार?

बऱ्याच फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या कणांची असते. रसायनांनी वरचा जिलेटिनचा थर सुटतो आणि चांदी परत मिळवता येते. पण डायझो आणि व्हेसिक्युलर प्रकारच्या फिल्ममध्ये चांदी नसते, त्यामुळे हा उपाय तिथे लागू पडत नाही. चांदीच्या लोभाने रिळं थेट भंगारात देणं तर सगळ्यात धोक्याचं. प्रक्रिया होईपर्यंत ती ज्याच्या हातात पडतील त्याला वाचता येतात.

नष्ट करायचा अधिकार कुणाला?

सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ नुसार केंद्र सरकारच्या कार्यालयांतली मायक्रोफिल्म आणि मायक्रोफिश हेही 'सार्वजनिक अभिलेख' आहेत. ठरलेली पद्धत डावलून ते नष्ट केले तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. १८९२ पूर्वीचे अभिलेख, ते वापरण्यापलीकडे खराब झाले नसतील, तर नष्ट करताच येत नाहीत. महाराष्ट्राचा २००५ चा स्वतंत्र अभिलेख कायदाही आहे. फिल्मची डिजिटल प्रत काढली, तर त्यातल्या वैयक्तिक माहितीला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा लागू होतो. रीळ जाळलं म्हणून ती जबाबदारी संपत नाही.

रिळं बाहेर काढण्याआधी एवढं तपासा

१. माहिती ठेवण्याची मुदत खरंच संपली आहे का? कोर्टात प्रकरण चालू असेल तर हात लावू नका.
२. दुसरीकडे प्रत आहे का? मूळ निगेटिव्ह आणि वापरायची प्रत बऱ्याचदा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. एक राहिली तर सगळी मेहनत वाया.
३. सूची, डब्यांवरची लेबलं आणि नोंदवह्या राहिल्या का? नावं त्यांच्यावरही असतात.
४. एजन्सीला काम दिलं असेल तर रिळं मोजून, सीलबंद पाठवा. शक्य असेल तर आपला माणूस समोर उभा ठेवा.
५. प्रमाणपत्रावर तारीख, रिळांची संख्या, पद्धत आणि तुकड्याचा आकार लिहून घ्या. नुसतं 'नष्ट केलं' एवढं पुरेसं नाही.

आणि शंका असेल तर थांबा. ते रीळ म्हणजे एखाद्या नोंदीची शेवटची प्रत असू शकते. एकदा भुगा झाला की चूक दुरुस्त करता येत नाही.