धर्मशिक्षण वर्गातील आध्यात्मिक साधना : तंत्रज्ञानाचा वापर आणि विद्यार्थ्यांचे सादरीकरण

संत लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी एक लहानसा प्रसंग आहे. प्रभू येशू एका ठिकाणी प्रार्थना करीत होते. त्यांची प्रार्थना संपल्यावर एका शिष्याने त्यांना विनंती केली की, आम्हालाही प्रार्थना करावयास शिकवा. शिष्यांनी प्रथम गुरूला प्रार्थनेत मग्न झालेले पाहिले, मग त्यांच्या मनात इच्छा जागी झाली आणि त्यानंतरच प्रभूने त्यांना शब्द दिले. आपल्या धर्मशिक्षण वर्गांत हा क्रम बहुधा उलटा असतो. शब्द आधी पाठ होतात. इच्छा जागी झाली की नाही, हे विचारण्यास तासात वेळ उरत नाही.

आज अनेक धर्मग्रामांच्या वर्गांत प्रोजेक्टर आले आहेत, मोठ्या मुलांच्या हाती मोबाईल आहे आणि शाळा-महाविद्यालयांत त्यांना सादरीकरणाची सवय झालेली आहे. या साधनांचा उपयोग करून प्रार्थना, उपवास, दानधर्म, बायबलचे मननपूर्वक वाचन, आत्मपरीक्षण, मौन अशा साधना शिकविता येतील काय, आणि तसे करताना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार या लेखात केला आहे.

साधना म्हणजे काय?

संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दानधर्म, प्रार्थना व उपवास या तीन गोष्टींविषयी शिकवण देतात. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथातही (क्रमांक १४३४) अंतःकरणाच्या परिवर्तनाची रूपे म्हणून याच तिन्हींचा उल्लेख आहे. या पायावर ख्रिस्ती परंपरेने पुढे अनेक पद्धती विकसित केल्या.

त्यांपैकी दोन पद्धती तरुणांच्या वर्गासाठी विशेष उपयुक्त आहेत. पहिली ‘लेक्सिओ दिविना’ म्हणजे बायबलचे प्रार्थनापूर्वक वाचन. बाराव्या शतकातील कार्थुसियन मठवासी दुसरे ग्विगो यांनी तिची वाचन, मनन, प्रार्थना व चिंतन अशा चार पायऱ्यांची शिडी मांडली. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० सालच्या ‘व्हेर्बुम दोमिनी’ या प्रबोधनपत्रात या चार पायऱ्या सांगून, वाचनाची परिणती कृतीत झाली पाहिजे, असे स्पष्ट केले. दुसरी पद्धत संत इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मपरीक्षणाची. पोप पॉल तिसरे यांनी १५४८ साली ज्या ‘आध्यात्मिक साधना’ ग्रंथाला मान्यता दिली, त्यात आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत : देवाचे आभार मानणे, आपले दोष ओळखण्यासाठी कृपा मागणे, दिवसाचा आढावा घेणे, क्षमा मागणे आणि देवाच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय करणे.

या पद्धतींची माहिती अर्ध्या तासात देता येते. परंतु साधना ही सवय आहे, आणि पोहणे जसे पाण्यात उतरल्यावाचून येत नाही तशी साधनाही केल्यावाचून येत नाही. ग्विगोच्या चार पायऱ्या बिनचूक सांगणारा, पण एकदाही दहा मिनिटे शांत न बसलेला विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होईल. त्याला साधना आली असे मात्र म्हणता येणार नाही.

मुलांनी शिकविण्याची जुनी परंपरा

विद्यार्थ्यांनी शिकविणे ही आजची कल्पना नव्हे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले तेव्हा ते हाती घंटा घेऊन रस्त्यांवरून फिरत व मुलांना धर्मशिक्षणासाठी बोलावीत. पुढे ते दक्षिणेतील मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी तेथील कामाचे वर्णन केले आहे. मुले जे वर्गात शिकत ते त्यांनी घरी आईवडिलांना व शेजाऱ्यांना शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. आजाऱ्यांची बोलावणी इतकी येत की सर्वत्र जाणे त्यांना अशक्य होई. तेव्हा ते मुलांनाच प्रार्थना म्हणण्यासाठी घरोघर पाठवीत. म्हणजे त्या मुलांचे ‘सादरीकरण’ आजाऱ्याच्या अंथरुणाशेजारी केलेली प्रार्थना हे होते.

तंत्रज्ञानाचेही तसेच. १५५६ साली गोव्यात छापखाना आला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या लोकांना त्यांच्याच ओवीछंदात ख्रिस्तकथा मिळाली व ती चर्चमधून वाचली जाऊ लागली. छापखाना हे त्या काळचे नवे तंत्रज्ञान होते. त्याने ग्रंथ पुरविला. त्याचे श्रवण व मनन लोकांनाच करावे लागले.

ख्रिस्तसभेचे मार्गदर्शन

या विषयावर ख्रिस्तसभेने वेळोवेळी विचार मांडले आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात इंटरनेटकडे शुभवर्तमानाच्या घोषणेचे नवे क्षेत्र म्हणून पाहिले. त्याच वर्षी व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यमविषयक परिषदेने, इंटरनेटवर साक्रामेंते मिळू शकत नाहीत, याची स्पष्ट जाणीव करून दिली. पोप बेनेडिक्ट यांनी २०१२ च्या संदेशाचा विषयच मौन आणि शब्द हा निवडला. मौन हा संवादाचाच एक घटक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेत डिजिटल संस्कृतीवर स्वतंत्र विवेचन आहे. जानेवारी २०२५ मधील ‘अंतिक्वा एत नोव्हा’ या टिपणात कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार करताना, शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासाची जागा यंत्राला घेता येत नाही, असे सांगितले आहे. साधने वापरा, मात्र साधन व साध्य यांची गल्लत होऊ देऊ नका, असा या सर्व मार्गदर्शनाचा एकत्रित आशय काढता येईल.

खरी अडचण

तरीही एक अडचण उरते. मत्तयच्या ज्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना व उपवास यांची शिकवण आहे, त्याच अध्यायात प्रभू येशू बजावतात की, या गोष्टी लोकांनी पाहाव्यात म्हणून करू नका, गुप्तपणे करा. सादरीकरण तर लोकांनी पाहावे म्हणूनच असते. एखाद्या मुलीने पडद्यावर आपल्या उपवासाचा तक्ता दाखविला, एखाद्या गटाने वृद्धाश्रमात फळे वाटतानाचे फोटो दाखविले आणि वर्गाने टाळ्या वाजविल्या, तर आपण त्यांना साधना शिकविली की साधनेचे प्रदर्शन? दाखविण्याच्या सवयीने मुलांचे जीवन आधीच वेढलेले आहे. त्या सवयीला धर्मशिक्षण वर्गात आणखी एक व्यासपीठ मिळाले, तर मुले प्रार्थनेविषयी उत्तम बोलतील आणि प्रार्थनेला मात्र पारखी होतील.

म्हणून एक भेद सदैव पाळावा. पद्धत ही सर्वांची आहे, ती सर्वांसमोर मांडावी. अनुभव हा विद्यार्थी व देव यांच्यामधला आहे. तो सांगण्याची सक्ती कधीही नसावी.

संत कार्लो यांचे उदाहरण

या भेदाचा उत्तम नमुना संत कार्लो अकुतिस यांच्या जीवनात दिसतो. त्यांचा जन्म ३ मे १९९१ रोजी लंडन येथे झाला, ते मिलान शहरात वाढले व १२ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, ल्युकेमियाने मरण पावले. १० ऑक्टोबर २०२० रोजी असिसी येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. संगणकाची त्यांना उत्तम जाण होती. जगभरातील ख्रिस्तप्रसादविषयक चमत्कारांची माहिती जमवून त्यांनी तिचे प्रदर्शन तयार केले आणि ते इंटरनेटवर उपलब्ध केले. विद्यार्थ्याने केलेले हे एक सादरीकरणच होते.

त्या प्रदर्शनाचा विषय पवित्र ख्रिस्तप्रसाद हा आहे, कार्लो नव्हे. दररोज मिस्साबलिदान, रोझरी, साक्रामेंताची आराधना, नियमित पापनिवेदन ही त्यांची स्वतःची साधना त्यांनी पडद्यावर मांडली नाही. मात्र तिच्यावाचून ते प्रदर्शन उभे राहिले नसते. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या ‘क्रिस्तुस व्हिव्हित’ या पत्रात त्यांचा उल्लेख करताना, माध्यमे माणसाला गुंगवून उपभोगाच्या आहारी नेऊ शकतात याचीही कार्लोला जाणीव होती, असे नमूद केले आहे.

पाच आठवड्यांची एक पद्धत

इयत्ता आठवीपासून पुढच्या मुलांसाठी, विशेषतः दृढीकरणाची तयारी करणाऱ्यांसाठी, पुढील पद्धत सुचवावीशी वाटते. प्रायश्चित्तकाळाच्या पाच रविवारांत ती सहज बसते.

पहिला आठवडा : शिक्षक एका साधनेची ओळख करून देतो. पडद्यावर पाच-सात चित्रे पुरेत. त्यानंतर पडदा बंद करून सर्वांनी मिळून दहा मिनिटे ती साधना करावी. शिक्षकानेही डोळे मिटून बसावे. मुलांवर लक्ष ठेवीत फिरू नये.

दुसरा व तिसरा आठवडा : मुलांनी घरी रोज दहा मिनिटे सराव करावा. प्रत्येकाने एक वही ठेवावी. ती वही शिक्षक मागणार नाही, हे पहिल्या दिवशीच सांगावे. वर्गात फक्त अडचणींची चर्चा व्हावी : झोप येते, घरात टीव्ही चालू असतो, मन भटकते, काय बोलावे ते सुचत नाही.

चौथा आठवडा : चार-पाच मुलांच्या गटाने सादरीकरण करावे. तीन मिनिटे साधनेचा उगम व बायबलमधील आधार, तीन मिनिटे पद्धत, दोन मिनिटे सामान्य अडचणी व उपाय. त्यानंतरची पाच मिनिटे त्याच गटाने वर्गाकडून ती साधना करवून घ्यावी. हा शेवटचा भाग वगळला तर सादरीकरण अपूर्ण समजावे.

पाचवा आठवडा : वर्ग चर्चमध्ये भरवावा, साक्रामेंताच्या सान्निध्यात. कोणतेही उपकरण नको. शक्य असल्यास पालकांनाही बोलवावे.

गुण द्यायचेच असतील तर ते माहितीच्या अचूकतेला, भाषेच्या शुद्धतेला व गटातील सहकार्याला द्यावेत. कोणी किती वेळ प्रार्थना केली किंवा किती उपवास केले, यास गुण नसावेत. पापनिवेदनाशी संबंधित कोणतीही गोष्ट सादरीकरणात येता कामा नये.

साधने कशी वापरावीत?

ध्वनिफीत हे सर्वांत उपयुक्त साधन ठरते. आयर्लंडच्या येशूसंघीयांनी १९९९ साली ‘सेक्रेड स्पेस’ हे इंटरनेटवरील प्रार्थनास्थळ, तर ब्रिटनच्या येशूसंघीयांनी २००६ साली ‘प्रे अ‍ॅज यू गो’ ही श्राव्य प्रार्थना सुरू केली. तीत संगीत, बायबलमधील उतारा व प्रश्न यांच्यामध्ये शांततेसाठी जागा ठेवलेली असते. त्या धर्तीवर आपली मुले मराठीतून ध्वनिमुद्रण करू शकतील. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मधील उतारा एका मुलीने सावकाश वाचावा, दोन मिनिटे थांबावे, पुन्हा वाचावा. मोबाईलवर हे विनाखर्च होते. ज्या आजीला डोळ्यांनी दिसत नाही, तिला ती ध्वनिफीत नातवाने ऐकवली तर संत झेवियर यांची परंपराच पुढे चालेल.

चित्र हे दुसरे साधन. शुभवर्तमानातील प्रसंग डोळ्यांसमोर उभा करून प्रार्थना करण्याची संत इग्नेशियस यांची पद्धत शिकविताना, रोममधील चर्चमध्ये असलेले काराव्हाज्जो यांचे ‘संत मत्तयला पाचारण’ हे चित्र पडद्यावर दाखवावे व मुलांना विचारावे की, या खोलीत तुम्ही कोठे उभे आहात? एकच चित्र पाच मिनिटे पाहणे हे तीस चित्रे भराभर पाहण्यापेक्षा अधिक फलदायी असते. मी स्वतः एका प्रायश्चित्तकाळात मौनाविषयी संगीतासह चाळीस चित्रांची मालिका दाखविली होती. शेवटी एका लहान मुलाने विचारले, “फादर, मौन कधी सुरू होणार?” त्या प्रश्नाने मला माझी चूक कळली.

सादरीकरणाचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेण्याचा मोह मुलांना होतो. त्यांना रागावण्यापेक्षा, तुझी स्वतःची अडचण कोणती होती, असे विचारावे. त्याचे उत्तर यंत्राजवळ नसते. मुलांचे फोटो वा चित्रफिती पालकांच्या लेखी संमतीवाचून प्रसारित करू नयेत. प्रार्थनेत असलेल्या मुलाचा फोटो तर मुळीच काढू नये. ज्या धर्मग्रामात प्रोजेक्टर नाही, तेथे फळा, खडू व एक मेणबत्ती यांवर ही सर्व पद्धत चालू शकते.

पालकांसाठी शेवटची विनंती. शिष्यांनी प्रभूला प्रार्थना करताना पाहिले म्हणून त्यांनी शिकविण्याची विनंती केली. आपल्या मुलांनी आपल्याला प्रार्थना करताना कधी पाहिले आहे काय? संध्याकाळी रोझरीच्या वेळी घरातील मोबाईल एका टोपलीत ठेवून मोठी माणसे गुडघे टेकू लागली, तर वर्गातील पाच आठवड्यांचे श्रम सार्थकी लागतील.