माकी : झुडपांच्या रानातून इतिहासात गेलेला शब्द

दुसऱ्या महायुद्धातील फ्रान्सविषयी वाचताना ‘माकी’ हा शब्द वारंवार भेटतो. मुळात हे एका रानाचे नाव आहे. कॉर्सिका बेटावर आणि भूमध्य सागराच्या किनाऱ्यालगत आम्लधर्मी, खडकाळ जमिनीवर माणसाच्या उंचीची किंवा त्याहून थोडी उंच अशी सदाहरित झुडपे दाट माजतात, ती माकी. चुनखडीच्या जमिनीवरील विरळ, खुरट्या झुडपांना मात्र फ्रेंच माणूस ‘गारिग’ म्हणतो. मिर्टल, सिस्टस, आर्ब्युटस ही माकीतील सुगंधी झुडपे. त्यांच्या फुलांवरील मधासह कॉर्सिकाच्या मधाला १९९८ मध्ये अधिकृत नाममुद्राही मिळाली.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘माक्युला’, म्हणजे डाग. डोंगरउतारावर झुडपांचे पुंजके दुरून डागांसारखे दिसतात. त्यावरून इटालियन ‘मॅकिया’ व तिथून कॉर्सिकामार्गे फ्रेंच माकी असा हा प्रवास.

या रानात शिरलेला माणूस सापडत नाही, ही गोष्ट पुढील सर्व अर्थांच्या मुळाशी आहे. कॉर्सिकात खून करून फरारी झालेला माणूस ‘माकी धरी’. प्रॉस्पेर मेरिमे याची ‘मातेओ फाल्कोने’ (१८२९) ही कथा अशाच रानाच्या वर्णनाने सुरू होते.

१६ फेब्रुवारी १९४३ रोजी व्हिशी सरकारने तरुणांना जर्मनीत सक्तीने कामास धाडण्याचा कायदा केला. हजारो तरुणांनी घरे सोडून डोंगर गाठले. त्यांच्या टोळ्यांना माकी आणि त्यांतील माणसाला ‘माकिझार’ म्हटले जाऊ लागले. गंमत अशी, की मार्च १९४४ मध्ये ज्या ग्लिएर पठारावर आणि जुलैमध्ये ज्या व्हेर्कोरमध्ये जर्मन सैन्याने या टोळ्या चिरडल्या, तेथे माकीची झुडपे नाहीत. आल्प्सच्या त्या भागात आहेत ती उंच वृक्षांची अरण्ये. झुडूप मागे राहिले, लपणे तेवढे शब्दाबरोबर गेले. त्याच काळात साताऱ्यात प्रतिसरकारचे कार्यकर्ते लपून लढत होते. मराठीने त्यांना ‘भूमिगत’ म्हटले. आपण आसरा जमिनीखाली कल्पिला, फ्रेंचांनी झाडोऱ्यात.

आज फ्रेंचमध्ये न्यायालयीन कार्यपद्धतीच्या गुंतागुंतीलाही माकी म्हणतात. आयव्हरी कोस्टमध्ये मात्र कोणी ‘माकीत जाऊ’ म्हणाला, तर घाबरण्याचे कारण नाही. तेथे माकी म्हणजे भाजलेली मासळी आणि थंड बीअर मिळणारी, बहुधा उघड्यावरची स्वस्त खाणावळ.