गोखल्यांचे शिक्षणविधेयक : ध्येय आणि द्रव्य

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्तीचे शिक्षण, हे त्याचे ध्येय सर्वश्रुत आहे. त्यामागील अर्थयोजना तितकीच विचारार्ह होय. सक्ती लागू करावी की नाही, हे स्थानिक संस्थेने ठरवावयाचे होते. खर्चाचा एक तृतीयांश तिने व दोन तृतीयांश सरकारने सोसावा, अशी गोखल्यांची मांडणी होती. आपल्या वाट्यासाठी तिला शिक्षणपट्टी बसविता येणार होती. 'सक्ती' हा शब्द वरवर पाहता पालकास उद्देशून आहे. परंतु या वाटणीमुळे तो सरकारी तिजोरीसही बांधून घेणारा ठरला असता.

बडोदे संस्थानात १९०६ पासून अशी सक्ती राज्यभर लागू होती. तेव्हा ती अशक्य म्हणता येत नव्हती. तरीही १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक बारगळले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार लाभला. परंतु थोड्याच नगरपालिकांनी तो वापरला. अधिकारामागे द्रव्याची निश्चिती नसेल, तर कायद्यातील ध्येय कागदावरच राहते. गोखल्यांनी हे आधीच ओळखले होते.