कप्तान स्लोकमचें घर

आयुष्यभर समुद्रावर वावरलेला दर्यावर्दी उतारवयांत किनाऱ्यावर येतो, जमिनीचा लहानसा तुकडा विकत घेतो आणि उरलेले दिवस बायकामुलांत सुखानें घालवितो, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला पुरुष कप्तान जोशुआ स्लोकम याच्याही वांट्यास असें घर आलें होतें. परंतु तेथें त्याचें मन रमलें नाहीं. तें कां रमलें नाहीं, हें समजण्यास त्याच्या पूर्वायुष्याकडे वळलें पाहिजे.

स्लोकमचा जन्म १८४४ सालीं नोव्हा स्कोशिया प्रांतांत झाला. कोवळ्या वयांतच तो समुद्रावर गेला व पंचविशीच्या सुमारास कप्तान झाला. १८७१ सालीं सिडनी शहरांत त्यानें व्हर्जिनिया वॉकर हिच्याशीं विवाह केला. दर्यावर्द्याच्या पत्नीनें बंदराकडे डोळे लावून बसावें, ही रीत तिला मान्य नव्हती. विवाहानंतर ती पतीबरोबर गलबतावरच राहूं लागली. पुढील तेरा वर्षें तिचा संसार लाटांवरच झाला. तिला सात मुलें झालीं. त्यांपैकीं चार जगलीं. मुलांचें शिक्षणही तिनें गलबतावरच केलें. तात्पर्य, ज्याला सामान्य मनुष्य घर म्हणतो तें स्लोकमला समुद्रावरच मिळालें होतें. घरासाठीं किनाऱ्यावर येण्याची त्याला गरजच पडली नाहीं.

१८८४ च्या जुलै महिन्यांत ब्युनॉस आयर्स येथें, 'अ‍ॅक्विडनेक' या त्याच्या स्वतःच्या गलबतावर, व्हर्जिनियाचा अंत झाला. गलबत राहिलें, पण घर मोडलें.

दोन वर्षांनीं त्यानें आपली नात्यांतील तरुण बहीण हेन्रिएटा, म्हणजेच हेटी, हिच्याशीं दुसरा विवाह केला. या नववधूचा पहिलाच जलप्रवास मोठा कष्टाचा झाला. खलाशांचें बंड झालें, देवीची सांथ आली, आणि १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर 'अ‍ॅक्विडनेक' रुतून फुटलें. मग स्लोकमनें मुलाच्या मदतीनें पस्तीस फूट लांबीची 'लिबर्दादे' नांवाची नौका बांधली व तींतून सर्व कुटुंब अमेरिकेस आणलें. ब्राझीलमधील गुलामांना ज्या दिवशीं मुक्ति मिळाली, त्याच दिवशीं ही नौका पाण्यांत लोटली गेली. म्हणून तिचें नांव 'स्वातंत्र्य' या अर्थाचें. एवढें सोसल्यावर हेटीनें समुद्राचा नाद सोडला, यांत नवल तें काय?

शिडांचे दिवस आतां सरत आले होते. आगबोटींच्या काळांत शिडाच्या कप्तानाला काम मिळेना. १८९२ सालीं एका निवृत्त देवमासेमाऱ्या कप्तानानें फेअरहेवन येथें शेतांत पडलेली एक जुनी नौका त्याला देऊन टाकली. तीच 'स्प्रे'. तेरा महिने खपून आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून स्लोकमनें ती बहुतेक नवीच केली. २४ एप्रिल १८९५ रोजीं बोस्टनहून तो एकटाच निघाला आणि सेहेचाळीस हजार मैलांची प्रदक्षिणा करून २७ जून १८९८ रोजीं न्यूपोर्टला परतला. हीं तीन वर्षें हेटी किनाऱ्यावरच होती. परतल्यावर काहीं दिवसांनीं त्यानें 'स्प्रे' फेअरहेवनला नेली व जन्मवेळीं जिला बांधली होती त्याच देवदाराच्या खुंटाला पुनः बांधली. नौका आपल्या घरीं पोंचली होती. धनी मात्र अजून पोंचावयाचा होता.

प्रवासवर्णनाच्या पुस्तकानें कीर्ति दिली आणि कांहीं पैसाही दिला. १९०२ सालीं अठ्ठावन्न वर्षांच्या कप्तानानें मार्थाज व्हिनियर्ड बेटावर वेस्ट टिसबरी येथें लहानसें शेत विकत घेतलें. त्याच्या मालकीची ही पहिलीच जमीन. पुढें वर्ष-दीड वर्ष त्यानें शेतकऱ्याचा संसार करून पाहिला. हेटीच्या वांट्यास इतक्या वर्षांनीं घर आलें तें एवढ्याच काळापुरतें. नंतर 'स्प्रे' पुनः हलली. उन्हाळ्यांत ती अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील बंदरांतून हिंडे व हिवाळ्यांत वेस्ट इंडीजकडे जाई. कप्तान ठिकठिकाणीं व्याख्यानें देई, पुस्तकें विकी, आणि पत्नीच्या सहवासांत थोडेच दिवस काढी.

त्याला निष्ठुर म्हणणें सोपें आहे, आणि हेटीच्या बाजूनें पाहतां तो आरोप अगदींच खोटाही नाहीं. पण संसार म्हणजे गलबत, हें ज्यानें तेरा वर्षें अनुभविलें, त्याला जमिनीवरील घरांत नेमकी कशाची उणीव भासली असेल, याची कल्पना करतां येते. तें घर त्याला अठरा वर्षें उशिरां मिळालें. आणि उशिराचें मोल दुसऱ्याच स्त्रीला द्यावें लागलें.

नोव्हेंबर १९०९ मध्यें, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, 'स्प्रे' घेऊन तो दक्षिणेकडे निघाला. दक्षिण अमेरिकेंतील मोठ्या नद्यांचा शोध घ्यावा, असा त्याचा बेत होता. तो पुनः कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं. जन्मभर समुद्रावर राहिलेल्या या मनुष्याला पोहतां येत नव्हतें. तो बुडाला असावा, हें हेटीनेंच वर्तमानपत्रांस कळविलें. कायद्यानें त्याला मृत ठरविलें, तें मात्र १९२४ सालीं.