पगाराला लगाम, पण कोणाच्या भल्यासाठी?

लॉस एंजेलिस डॉजर्सने डिसेंबर २०२३ मध्ये शोहेइ ओहतानीशी दहा वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा करार केला आणि पुढे २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं पटकावली. तेव्हापासून 'संघांच्या पगारखर्चावर मर्यादा घाला' ही ओरड पुन्हा वाढली. वरवर पाहता मागणी रास्त वाटते. श्रीमंतांनी हवा तो खेळाडू उचलायचा आणि पिट्सबर्गने १९७९ च्या विजेतेपदाच्या आठवणी काढत बसायचं, यात कसली आलीय स्पर्धा?

पण जुना इतिहास चाळला की प्रश्न वेगळाच दिसायला लागतो. बेसबॉलमध्ये पगार दाबून ठेवण्याचा प्रयोग एकदा होऊन गेलाय, आणि तोही जवळजवळ शंभर वर्षं! १८७९ पासून मालकांनी खेळाडू 'राखून' ठेवायला सुरुवात केली. आधी प्रत्येक संघाचे पाच जण, पुढे सगळेच. करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा. दुसरीकडे जायची सोयच नाही, मग मालक देईल तो पगार मुकाट्याने घ्यायचा.

मग त्या काळात समतोल होता का हो? न्यूयॉर्क यांकीजनी १९२३ ते १९६२ या चाळीस वर्षांत वीस वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली! पगार दबले, पण बलाढ्य संघ बलाढ्यच राहिला. वाचलेला पैसा मात्र मालकांच्या खिशात गेला.

१९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला न विचारताच फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा हा गडी अडून बसला. मी कोणाची मालमत्ता नाही, असं त्याने कमिशनरला कळवलं आणि कोर्टात गेला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. कारकीर्दही त्यातच संपली. पण डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि बेडी तुटली. फळ चाखलं ते पुढच्यांनी.

१९९४ मध्ये मालकांनी पगारमर्यादेचा हट्ट धरला, खेळाडू संपावर गेले आणि १९०४ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज झाली नाही. पुढे मधला मार्ग म्हणून जादा खर्चावर कर आला. डॉजर्सने २०२४ साठी दहा कोटी डॉलरहून जास्त कर भरला, म्हणजे त्यांना तो परवडतो हेही खरंच.

लहान शहरांचं दुखणं मी नाकारत नाही. पण अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये कमाल मर्यादेबरोबर किमान खर्चाचीही अट आहे आणि उत्पन्नातला खेळाडूंचा वाटाही ठरलेला आहे. नुसती वरची रेघ ओढली तर कंजूष मालकाला खर्च करायला कोण भाग पाडणार?

माझ्या मते आधी मालकांनी हिशेबाच्या वह्या उघडाव्यात, टीव्हीचं उत्पन्न जास्त वाटून घ्यावं, किमान खर्चाची अट मान्य करावी. मग कमाल मर्यादेचं बोलू. २०२२ मध्ये झालेला करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचाच आहे, तेव्हा हे भांडण टळणारं नाही. त्या वेळी फ्लडची आठवण कोणीतरी ठेवावी, एवढंच.

असो. पटलं नाही तर जरूर भांडा!